खोगीर चढवील त्याने बसावे

हुल्डाने घोडा कोरड्या पाटात उतरवला तेव्हा मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी बटाटे सोलत होते. अंगणामागून हा पाण्याचा पाट कुरणाकडे जातो. वसंत अजून अर्धाच आला होता, डोंगरावरचे बर्फ वितळायचे होते, त्यामुळे पाटात पाणी सोडलेले नव्हते. घोडा पाटाच्या तळाशी आणि ती वर काठावर, अशी घोड्याची पाठ तिच्या कमरेशी आली. मग तिने डाव्या हाताने खोगिराची पुढची मूठ धरली, उजवा हात नुसता टेकवला आणि गुडघ्याने ढकलत ढकलत ते त्याच्या पाठीवर सरकवले. जेवून सुस्तावलेल्या पाहुण्याला पलंगावर लोळवतात ना, तसे.

घोड्याने मान वळवून तिच्याकडे पाहिले. त्याचे नाव डीकन. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांसारखा सदा गंभीर, म्हणून तसे ठेवलेले. त्याने काही मत दिले नाही. हुल्डाने मात्र चौफेर पाहिले, घराकडेही पाहिले, आणि मी झटकन खाली वाकून बटाट्यांत तोंड घातले.

हुल्डा माझी नणंद, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. याच रँचवर जन्मली, लग्न केले नाही, आणि मॉन्टाना सोडून कुठे गेलीही नाही. माझे सासरे गेले तेव्हा जमीन, गुरे, घर सगळे माझ्या नवऱ्याला, लायलला मिळाले. हुल्डाला त्यांनी आपले खोगीर दिले. त्याबद्दल ती कधी एक शब्द बोलल्याचे मला आठवत नाही. रोज पहाटे उठायचे, घोड्यावर खोगीर चढवायचे, गुरांमागे जायचे, संध्याकाळी परत येऊन खोगीर उतरवायचे. तिच्या आयुष्यात काय झाले असे कोणी विचारले तर मला एवढेच सांगता येईल, आणि ते सांगून तिच्याबद्दल काहीच सांगितले नाही असेही वाटेल.

खोगिराबरोबर सासऱ्यांचा एक नियमही तिच्या वाट्याला आला होता. खोगीर चढवील त्याने बसावे. आपल्या घोड्यावर ज्याला स्वतः खोगीर चढवता येत नाही त्याने घोड्यावर बसू नये, मग तो कोणी का असेना. सासरे गेले तरी नियम राहिला, आणि तो राखायचे काम हुल्डाने न सांगता अंगावर घेतले.

या नियमाची आणि माझी गाठ लग्नानंतरच्या पहिल्याच वसंतात पडली. मी गावातल्या न्हाव्याची मुलगी. कात्र्या आणि साबणाच्या वासात वाढलेली, अंगाने काडी. घोड्यावर बसायचे मात्र मला फार वेड होते. लायलला होकार देण्यात निम्मा वाटा त्याचा आणि निम्मा त्याच्या घोड्यांचा होता, हे त्यालाही ठाऊक होते. हुल्डाने मला तबेल्यात नेले, एक शांत घोडी दाखवली, खोगीर जमिनीवर ठेवले आणि म्हणाली, चढव. मी ते कमरेपर्यंत उचलले. पुढे काय झाले कळले नाही. मी पेंढ्यात उताणी, छातीवर खोगीर, तोंडावर घोंगडी, आणि घोडी बाजूला होऊन शांतपणे चघळते आहे. लायल हसत हसत मदतीला धावला तर हुल्डाने हात आडवा करून त्याला थांबवले.

"तिला जमेल तेव्हा ती बसेल," ती म्हणाली. "न जमलं तर खाली बरी आहे."

त्या वसंतात मी आणखी काही वेळा पडले. मग ड्वाइट पोटात आला, मग तो अंगावर पिणारा, मग कामकऱ्यांचे जेवण, कोंबड्या, धुणी. आणि एक दिवस लक्षात आले की आता मला कोणी चढव म्हणतही नाही. सगळे घोड्यावर आणि मी आपली खोगीरभरती. मी हुल्डावर रागावले होते, आणि तो राग मी लोणच्यासारखा बरणीत घालून जपला.

आमच्याकडे एक रीत आहे. शेवटच्या माणसाचा पाय रिकिबीत पडून तो नीट बसेपर्यंत बाकी कोणी घोडा हलवत नाही. चार घोडे चालू लागले की मागे राहिलेला उतावीळ होतो, गोल गोल फिरतो, आणि एक पाय वर एक पाय खाली अशा माणसाची फजिती होते. म्हणून सगळे थांबतात. सकाळच्या धुक्यात नाकपुड्यांतून वाफ सोडत घोडे उभे असत, माणसे मुकाट असत, मी फाटकाशी उभी असे, आणि सगळ्यांत आधी बसलेली हुल्डा सगळ्यांची वाट बघत असे. मग एकदम सगळे निघत. नदीकाठच्या कॉटनवुडच्या झाडांत शिरले की धुके त्यांना गिळून टाकी. खुरांचा आवाज तेवढा उरे, मग तोही नाही. त्या वेळी मला नेहमी वाटे की ही सगळी माणसे मला स्वप्नात दिसली असावीत, आणि जाग आली की मी फाटकाशी उभी. खरोखरच्या स्वप्नात मात्र मी घोड्यावर असे. त्या घोड्याच्या पाठीवर खोगीर कधीच नसे.

असो. लायलला जाऊन आता बरीच वर्षे झाली. रँच ड्वाइट बघतो. आणि हुल्डा पाटात उतरू लागली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात गवताच्या गाडीवरून बर्फावर घसरून तिचा उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाला, आतला स्नायू तुटला आहे, शस्त्रक्रिया करून बघता येईल, पण या वयात खात्री देत नाही. हुल्डाने त्याचे आभार मानले आणि घरी येऊन गुरांना चारा घातला. तेव्हापासून तिचा तो हात छातीच्या वर जात नाही. केस विंचरतानासुद्धा ती डोके खाली हाताकडे आणते.

तेव्हा पाटातली ही युक्ती. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तो असा. मी खिडकीतून रोज बघत होते आणि कोणाला सांगत नव्हते. तिची कीव येऊन गप्प होते असे नाही. वर्षानुवर्षे तिला घोड्यावर नुसती झोकात बसलेली पाहिली होती. आता ती चढवते कशी ते बघताना मला गंमत वाटत होती, हे कशाला लपवू.

मग उन्हे तापली आणि ड्वाइटने पाटात पाणी सोडले.

आता काय करते बघू, असे मी मनात म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी फटफटायच्या आत डीकन खोगिरासकट कठड्याला बांधलेला. तिसऱ्या दिवशी तसेच, आणि नंतरही रोज. ड्वाइट थट्टेने म्हणाला, आत्या, तू झोपतेस की नाही? हुल्डा म्हणाली, तुझ्याइतकी नाही. मला मात्र चुटपुट लागली. मी कितीही लवकर खिडकीशी आले तरी खोगीर चढवताना ती मला एकदाही दिसली नाही.

कोडे सुटले ते एका कोंबडीमुळे. ती तबेल्यातल्या गवतात अंडी घालू लागली होती आणि कोल्ह्याच्या आधी मला ती काढायची होती, म्हणून एका पहाटे मी तिकडे गेले. तबेल्यात अजून अंधूक होते. फटींतून येणाऱ्या उजेडात गवताची धूळ हळूहळू खाली येत होती, इतकी हळू की ती वर जाते आहे की खाली ते कळत नव्हते. डीकन आपल्या जागी डोळे मिटून उभा होता. आणि त्याच्या पाठीवर खोगीर होते. पोटाखालचा तंग सैल सोडलेला. खोगिरावर, रिकिबीवर, त्याच्या कुशीवर पेंढा चिकटलेला. म्हणजे रात्री ते उतरवलेच नव्हते, तो तसाच आडवाही झाला होता.

आमच्याकडची नसलेली माणसे म्हणतील, मग काय झाले? काय झाले ते आमच्याकडच्या लहान मुलालाही कळते. घोड्याकडून दिवसभर काम घेतले की संध्याकाळी आधी त्याचे खोगीर उतरते, मग माणूस जेवतो. घामाने भिजलेली घोंगडी रात्रभर पाठीवर ठेवणे म्हणजे काय हे हुल्डानेच पोरांना शिकवले होते. घोंगडीला नुसती चुणी पडली म्हणून तिने एका कामकऱ्याला त्याच दिवशी गावाचा रस्ता दाखवला होता.

मागे पावले वाजली. हुल्डा दारात उभी होती. मला बघून ती थांबली, मग पुढे आली. तिने आधी मागचा पट्टा सोडला, मग पुढचा तंग, आणि खोगीर आपल्याकडे ओढून अंगावर घेतले. उतरवताना वजन आपोआप खाली येते, तेवढे तिला जमत होते. मग तिने घोंगडी उचलली. घोंगडी चिकटली होती. डीकनची पाठ थरथरली. मान जिथे पाठीला मिळते तिथे तळहाताएवढी सूज होती, केस घासून गेलेले, आणि मधोमध लाल मांस दिसत होते.

हुल्डाने घोंगडी उलटी करून पाहिली.

"कधीपासून?" मी विचारले.

"पाणी सोडल्यापासून." ती म्हणाली, "बाबा असते तर त्यांनी मला तबेल्यात पाऊल टाकू दिलं नसतं."

मी मिठाचे कोमट पाणी आणायला घरी गेले. तिची अशी खोड जिरावी म्हणून मी किती वर्षे वाट पाहिली होती. ती जिरली आणि मला त्यात काही गोडी वाटेना. पाणी घेऊन परत आले तेव्हा ती डीकनच्या मानेला कपाळ लावून उभी होती. मी बादली खाली ठेवली आणि बाहेर येऊन अंडी शोधत बसले, जी मला केव्हाच सापडली होती.

ड्वाइटला जखम दिसणारच होती. त्याने काय झाले विचारले, तर हुल्डा म्हणाली, माझ्या हातून झालं. त्याने पुढे विचारले नाही. आमच्याकडे माणूस जेवढे सांगतो तेवढेच ऐकायचे असते. तिने खोगीर तबेल्यात टांगले आणि उन्हाळाभर घोड्यावर बसली नाही. ड्वाइटने मध्ये एकदा एक बुटका घोडा सुचवून पाहिला. ती म्हणाली, पाय जमिनीला लागणार असतील तर मी चालतच का जाऊ नये?

आणि ती चालत जाई. नदीकाठच्या कुरणातून कुत्र्याबरोबर, हात पाठीशी बांधायला येत नाहीत म्हणून खिशात घालून. संध्याकाळी माझ्या स्वयंपाकघराच्या पायरीवर येऊन बसे. एवढ्या वर्षांत ती त्या पायरीवर कधी बसली नव्हती. मी मटार सोलायला दिले तर निम्मे दाणे अंगणात. आम्ही फारसे बोलत नसू. उन्हाळ्यातल्या आमच्या संध्याकाळी संपता संपत नाहीत. सूर्य मावळतो तरी उजेड कुरणावर तसाच रेंगाळतो, सेजच्या झुडपांचा कडू वास येतो, दूर डोंगरावर आपली गुरे ठिपक्यांसारखी दिसतात की ती नुसती झुडपे आहेत, सांगता येत नाही. हुल्डा त्या ठिपक्यांकडे बघत बसे. मी तिच्याकडे बघे. घोड्याशिवाय ती मला कुणी दुसरीच बाई वाटे, ओळख नसलेली, आणि खरे सांगायचे तर जास्त आवडणारी. पण तिला स्वतःला ती बाई आवडत नव्हती, हेही दिसत होते. जेवण कमी झाले. डीकनची पाठ धुवायला मात्र ती सकाळ-संध्याकाळ जाई.

पानगळ लागली, डोंगरमाथ्यावर पहिले बर्फ दिसले आणि गुरे खाली आणायचा दिवस ठरला. वर्षातला हा आमचा मोठा दिवस. शेजारपाजारचे आपापले घोडे घेऊन मदतीला येतात. समज आल्यापासून हुल्डाचा तो दिवस कधी चुकला नव्हता. डीकनची जखम भरून आली होती. ड्वाइट आदल्या दिवशी माझ्याकडे येऊन हळूच म्हणाला, "आई, आत्याला विचारू का? मी चढवून देतो खोगीर. एका मिनिटाचं काम."

मी म्हणाले, "तोंड उघडलंस तर बघ."

तो गेल्यावर हात पुसून मी तबेल्यात गेले. हुल्डा डीकनला खरारा करत होती. मी भिंतीशी उभी राहिले. काय बोलायचे ते वाटेत ठरवले होते, ते सगळे विसरले.

"उद्या खोगीर मी चढवते," मी म्हणाले.

खरारा थांबला नाही. "तुला कुठं येतं?"

"जन्मभर खिडकीतून बघतेय."

"बघून येत असतं तर कुत्र्यालाही आलं असतं."

"मग शिकव."

तिने वळून माझ्याकडे पाहिले. मी आता काडी नव्हते. कणकेचे गोळे मळून, ओल्या चादरी पिळून, पाण्याच्या बादल्या वाहून माझे दंड चांगले गरगरीत झाले होते. हुल्डाने माझ्या दंडांकडे अशी नजर टाकली जशी ती बाजारात बैलाकडे टाकते. मग खरारा खाली ठेवला.

ती दुपार मला अजून झोपेत दिसते. तबेल्याच्या दारातून पिवळे ऊन आत आले होते, माश्या सुस्तावल्या होत्या, आणि हुल्डा मला शिकवत होती. आधी हात फिरवून बघ, पाठीवर काडी-कुसळ काही नको. घोंगडी पुढे मानेवर टाक आणि मागे ओढ, म्हणजे केस सरळ बसतात. मागून पुढे कधी सारायची नाही. पलीकडची रिकीब आणि तंग खोगिरावर उलटे टाक, नाहीतर खाली दाबले जातात. आता त्याच्या डाव्या बाजूला उभी राहा, खोगीर मांडीशी घे. हाताने उचलू नकोस. झोका दे.

पहिल्यांदा खोगीर डीकनच्या कुशीवर आपटले. तो एक पाऊल बाजूला सरकला आणि पुन्हा जागेवर आला. दुसऱ्यांदा चढले, पण घोंगडी पलीकडे पडली. मग किती वेळा ते केले, मला आठवत नाही. एका क्षणी मी झोका दिला आणि खोगिराला जणू वजनच उरले नाही. ते वर गेले, थोडे थांबले आणि डीकनच्या पाठीवर अलगद टेकले. मी हात तसेच वर धरून उभी राहिले.

"असं," हुल्डा म्हणाली. तिने डावा हात मुठीखाली घालून घोंगडी जरा वर उचलली, म्हणजे त्या जागेला वारा लागावा. तिथे नवे केस येत होते, पांढरे. डीकन सगळा काळसर तांबूस, त्यात ती पांढरी खूण आता जन्मभर राहणार होती. तिने त्यावर बोट फिरवले आणि घोंगडी नीट केली. मग मला तंग कसा ओवायचा, कसा आवळायचा ते दाखवले. घोडा आधी पोट फुगवतो, म्हणून थोडे थांबायचे, त्याला चार पावले चालवायचे आणि मग पुन्हा आवळायचे. पुढचा तंग आधी, मागचा पट्टा नंतर. उतरवताना उलट.

ती नको म्हणाली नाही, याचा मला इतका आनंद झाला की संध्याकाळी घेवडा भिजत घालताना मी गुणगुणत होते. हुल्डा उद्या घोड्यावर बसणार होती आणि ते माझ्यामुळे. बरणीतले लोणचे संपले होते म्हणा ना.

सकाळी धुके होते. शेजारी आले, त्यांत मार्विन टॉफ्ट, ज्याचे तोंड झोपेतही बंद नसते. मी सगळ्यांना कॉफी आणि बिस्किटे दिली. एकेक जण घोड्यावर बसला. ड्वाइट बसला. डीकन कठड्याशी नुसताच उभा होता आणि हुल्डा त्याच्याजवळ. मी हात पुसत अंगणात आले, एप्रन काढून कठड्यावर टाकला, आणि सगळ्यांच्या देखत खोगीर मांडीशी घेतले.

कोणी बघत नव्हते. सगळे आपापल्या घोड्याच्या कानांकडे बघत होते. मार्विन आपल्या लगामाची एक गाठ सोडून पुन्हा बांधत होता. पहिला झोका फुकट गेला. दुसऱ्याला खोगीर चढले, कालच्याइतके अलगद नाही, पण चढले. मी तंग आवळला, डीकनला चार पावले चालवले. हुल्डाने तंगाखाली बोटे घालून पाहिली आणि डाव्या हाताने आणखी एक वेढा ओढला. मग लगाम माझ्यासमोर धरला.

"चढ," ती म्हणाली.

मी लगाम मागे सारला. "अगं, तुझ्यासाठी चढवलंय."

"खोगीर कुणी चढवलं?"

"मी. पण घोडा तुझा, खोगीर तुझं. मी नुसती हमाली केली."

"हमालच हवा असता तर ड्वाइट होता."

मी ड्वाइटकडे पाहिले. तो अजून आपल्या घोड्याच्या कानांकडेच बघत होता. धुक्यात सगळे घोडे उभे होते, वाफा सोडत, आणि रीतीप्रमाणे शेवटच्या माणसाची वाट बघत होते. ते शेवटचे माणूस कोण, एवढेच ठरायचे होते. मी हळू आवाजात म्हणाले, "हुल्डा, आजचा दिवस तरी हट्ट सोड. उन्हाळाभर तुझं काय झालंय ते मी पाहिलंय."

ती माझ्या अगदी जवळ आली. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने बोलली.

"आज तू मला घोड्यावर बसवलंस की उद्यापासून सगळेच बसवतील. खुर्चीत बसवतील, गाडीत बसवतील, उन्हात नेऊन बसवतील. मी आयुष्यभर माझी मी बसले, आर्डिस. मला कुणी बसवलेलं नको." तिने श्वास घेतला. "तेव्हा तुला बसू दिलं नाही, ते बरोबर होतं. आज तू चढवून दाखवलंस. आज बसू दिलं नाही तर ते चूक होईल."

"आणि जेवणाचं?"

"घेवडा चुलीवर आहे ना? ढवळता येतं मला."

घेवडा तळाला लावण्यात हुल्डाचा हात धरणारा आमच्या खोऱ्यात कोणी नाही. पण हे बोलायची ती वेळ नव्हती.

"आई," ड्वाइट म्हणाला, "डीकनला सगळं ठाऊक आहे. तू माझ्यासोबत मागे राहा. रेंगाळणाऱ्या गाई हाकायच्या फक्त."

हुल्डा पलीकडे गेली आणि माझ्या वजनाने खोगीर फिरू नये म्हणून उजवी रिकीब डाव्या हाताने खाली ओढून धरली. मी डावा पाय उचलला. तो बरोबर रिकिबीत पडला. हुल्डा माझ्यापेक्षा वीतभर उंच, तिच्या मापाच्या रिकिबी मला लोंबकळल्या असत्या. त्या केव्हातरी माझ्या मापाला वर घेतलेल्या होत्या. म्हणजे काल मी घेवड्याशी गुणगुणत होते तेव्हा ती तबेल्यात हे करत होती. मी मूठ धरली, हुल्डा पलीकडून लोंबकळली, आणि मी वर गेले.

इतके उंच असते हे स्वप्नात कधी कळले नव्हते. डीकनची पाठ माझ्याखाली श्वास घेत होती. हुल्डाने आपली हॅट काढून माझ्या हातात दिली, ऊन लागेल म्हणाली. आमच्याकडे कोणी कोणाच्या हॅटला बोट लावत नाही. मी ती घातली आणि खाली पाहिले. जन्मभर मी या बाईकडे मान वर करून पाहत आले होते. आज तिच्या डोक्यातला विरळ भांग मला वरून दिसला, आणि हॅटखाली राहून राहून पांढरेफटक झालेले, लहान मुलाचे असावे तसे कपाळ.

"पाठीमागं टेकून बस," ती म्हणाली. "आणि त्याच्या तोंडाला झटके देऊ नकोस."

मार्विनने घोड्यावरूनच फाटक उघडले. सगळे एकदम निघाले, आणि डीकनही, मी काही न सांगता. नदीकडून धुके येत होते. कॉटनवुडची पिवळी पाने त्यात लोंबत होती, सगळे खुरांचे आवाज एकात एक मिसळले होते, आणि त्यांत एक माझ्या घोड्याचा होता. मला रडू येत होते आणि मी हसत होते. दोन्ही कोणाला दिसू नये म्हणून हॅट पुढे ओढली.

झाडांत शिरण्याआधी मी एकदाच मागे पाहिले. हुल्डा आम्हाला बघत उभी नव्हती. तिने कठड्यावरचा माझा एप्रन घेतला होता, गळ्यात अडकवला होता, आणि त्याच्या नाड्या मागे बांधायला बघत होती. डावा हात मागे पोचला होता. उजवा पोचत नव्हता. तिने पुन्हा प्रयत्न केला, वाकून, एका अंगाला होऊन. मी लगाम ओढणार होते, पण डीकनला ठाऊक होते की निघाल्यावर थांबायचे नसते. मग तिने नाड्या तशाच सोडून दिल्या आणि त्या मागे लोंबत असताना ती सरळ चालत स्वयंपाकघरात गेली.